नाव लिहायचा दिवस

मिसळीचं ताट समोर आलं आणि आबांनी खिशातून कॅलेंडरचा कागद काढला, तेव्हाच सुवर्णाने ओळखलं, आता रस्सा थंड होणार.

आबा म्हणजे सावळीराम आहेर, तिचे सासरे. मनमाडच्या रेल्वे कारखान्यातून रिटायर होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण घड्याळ अजून ड्युटीवरच होतं. फेब्रुवारीच्या पानाच्या पाठीवर त्यांनी दोन दिवसांच्या नाशिक सहलीचं टाइमटेबल आखलं होतं, तेही मिनिटांसकट. कालची पांडवलेणी चाळीस मिनिटांत उरकायची होती. तिथे पाच वर्षांच्या राजवीरने अर्ध्या वाटेत पायरीवर बसकण मारली, त्याला उचलून नेताना किशोरच्या कमरेत उसण भरली आणि सगळी सहल सव्वा तास लेट धावली. त्याचा राग आबांनी रात्री झोपेतही जपून ठेवलेला दिसत होता.

"आज लेट चालायचं नाय," ते म्हणाले. "साडेनऊ सीतागुंफा. सव्वादहा काळाराम. अकरा वाजता रामकुंड, पंधरा मिनिटं. साडेअकराला गुरुजींकडं. मग जेवण, चिवडा घ्यायचा आन् चारची गाडी."

"आबा, आधी खाऊन घ्या," सुवर्णा म्हणाली.

मखमलाबाद रोडवरची ती मिसळ खायला माणसं मुलाबाळांसकट येत. मांडवाबाहेर झोके होते, चुलीवर रश्श्याचं भलंमोठं पातेलं होतं आणि दिवाळीची सुट्टी संपत आल्यामुळे गर्दी अशी, की टेबलामागे उभं राहून लोक तुमच्या घासांवर नजर ठेवायचे. आहेरांच्या टेबलावर आठ माणसं दाटीवाटीने बसली होती. आबा, सासूबाई वत्सलाबाई, सुवर्णा, तिचा नवरा किशोर, मुलगा राजवीर. पलीकडे धाकटा दीर ललित, त्याची सात महिन्यांची बायको मोहिनी आणि मोहिनीची आठ वर्षांची ईश्वरी.

सात महिन्यांची बायको आणि आठ वर्षांची मुलगी, हा हिशोब मनमाडच्या गल्लीत अजून कुणाकुणाला जुळत नव्हता. मोहिनीचा पहिला नवरा, विंचूरचा मनोज दरेकर, तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला. ललितने तिला पसंत केलं, आबांनी तासभर विचार करून होकार दिला आणि लग्न झालं. सुवर्णाने स्वतः मोहिनीची ओटी भरली होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. फक्त तेव्हापासून घरात कोणीही आलं, की आधी ईश्वरीच्या डोक्यावरून हात फिरवी. बिचारी, म्हणे. राजवीर बिचारा नसल्यामुळे त्याच्या डोक्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

म्हणून आजच्या दिवसाचं तिला अप्रूप होतं. आज राजवीरचं नाव लिहायचं होतं. पंचवटीत आहेरांचे पिढीजात तीर्थोपाध्याय होते. त्यांच्या वहीत घरातल्या प्रत्येक पिढीची नावं लिहिलेली होती. ही सहल खरं म्हणजे त्यासाठीच होती. लेणी आणि मिसळ ही मुलांना दाखवलेली लालूच.

"आबा, नाव लिहिलं की काय होतं?" ईश्वरीने विचारलं. ती पापड रश्श्यात मोडून नीट, सावकाश खात होती. राजवीरने मात्र मिसळीला हातही लावला नव्हता. त्याचं जेवण म्हणजे दोन जिलब्या आणि तिसरीची मागणी.

"काय होतं?" आबांना हा प्रश्न आवडला. "उद्या शंभर वर्षांनी आपल्या घरातलं कोणी इथं आलं, तर त्याला कळतं, आपली माणसं कोण, कुठली. माझ्या आज्याचं नाव हाय त्यात. फकिरा आहेर. आजीचं हाय. गोजराबाई. आज तुझ्या भावाचं."

"ईश्वरीताईचं पण लिहा," राजवीर तोंडातली जिलबी न गिळताच म्हणाला.

ललितने पावाचा तुकडा उगाच चार वेळा बुडवला. मोहिनी राजवीरचं तोंड पुसायला लागली.

"बघू," आबा म्हणाले.

आबांचं 'बघू' घरात सगळ्यांना ठाऊक होतं. स्कूटरबद्दल ते बघू म्हणाले, त्याला बारा वर्षं झाली. सुवर्णाच्या जिवाला हायसं वाटलं. आणि लगेच, समोर ती पोर मान खाली घालून उरलेला पापड मोडत होती ते दिसलं, तेव्हा आपल्याला हायसं वाटलं याची तिला लाजही वाटली. तिने वाढप्याला हाक मारून ईश्वरीसाठी जिलबी मागवली. पोरीने ती अर्धी करून राजवीरला दिली.

*

सीतागुंफेची रांग पाच वडांच्या सावलीतून वळत होती. वडांवर नंबर रंगवले होते आणि राजवीर ते मोठ्याने वाचत, प्रत्येक झाडाला हात लावून परत येत होता. मोहिनी ललितच्या मागे उभी होती. पुढे आबा आणि किशोर.

"बोललात?" तिने हळूच विचारलं.

"बोलतो."

"गाडीतही बोलतो म्हणालात."

"अगं, आज त्यांचा मूड चांगलाय."

"मग चांगल्या मूडमध्येच बोलायचं असतं ना?"

ललितने मान डोलावली आणि तो चपला काढायला वाकला, तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. माणूस सोन्यासारखा, पण वडिलांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मोहिनीला त्याचा राग येत नव्हता. लग्नाला वडिलांचा होकार मागताना त्याचं सगळं धैर्य खर्च होऊन गेलं असावं, असं तिला वाटायचं.

तिला आडनाव नको होतं. इस्टेटीत वाटा तर मुळीच नको होता. तिला एवढंच हवं होतं, की पोर कुठेतरी मोजली जावी. विंचूरच्या रेशनकार्डावरून मोहिनीने आपलं नाव कमी करून आणलं, ईश्वरीचं तिथेच राहिलं, कारण दिराने कागद दिला नाही. तिकडचे सासरे होते तोवर दर रविवारी नातीला फोन करायचे. श्रावणात ते गेले आणि फोनही बंद झाला. पोर कागदावर विंचूरला आणि जेवायला मनमाडला, असं चाललं होतं. शाळेच्या फॉर्मवर 'कुटुंबातील व्यक्ती' असा रकाना आला तेव्हा ईश्वरीने विचारलं होतं, मम्मी, यात कोणाकोणाला लिहू? मोहिनीने ते काम संध्याकाळवर ढकललं आणि मग तो फॉर्म आठवडाभर फ्रीजवर पडून राहिला.

रांग पुढे सरकली. गुंफेचं तोंड एवढं बुटकं, की बसून, अंग चोरून खाली सरकावं लागे. मुलं सुळकन आत गेली, त्यांच्यामागे सुवर्णाही. मागून किशोर उतरला आणि मध्येच अडकला.

"श्वास सोडा, साहेब," मागचा कोणीतरी म्हणाला.

"सोडलाय," आतून किशोरचा आवाज आला. "पोट नाही सुटत."

सगळी रांग हसली. आबासुद्धा हसले. आणि त्या हसण्याचा आधार घेऊन ललित एकदम म्हणाला, "आबा, ईश्वरीचं नाव पण लिहून टाकू आज."

आबांचं हसू जागच्या जागी राहिलं. "कोणत्या घराण्यात?"

"आपल्याच."

"तिला घराणं नाय का?" आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट समजावणीचा होता. "ललित, पोरीला बाप होता. चांगला होता म्हणत्यात. मेला म्हणून काय खोडायचा त्याला? दरेकराची लेक हाय ती. मी तिला माझ्या वहीत घातली, तर मेलेल्या माणसाची एकुलती एक लेक पळवल्यासारखं नाय का होत? तिला जेवायला घालीन, शिकवीन, लग्न लावून देईन. पण दुसऱ्याच्या झाडाला आपली पाटी लावायची नाय."

मनोजला मान देणारं असं बोलणं मोहिनीने विंचूरच्या सासरच्या माणसांकडूनही फारसं ऐकलं नव्हतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. दार कितीही अदबीने लावलं तरी आपण बाहेर उरतो ते उरतोच.

"आता राजवीर म्हंजे घरचाच," आबा पुढे म्हणाले, आणि वाकून गुंफेत शिरले.

वत्सलाबाई गुडघ्यांमुळे बाहेरच बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी धाकट्या सुनेचा चेहरा पाहिला आणि बाजूला सरकून जागा केली.

"त्यांचं असं असतं बघ," त्या म्हणाल्या. "सरळ रूळ. वळायला जागा लागती त्यांना."

"मी काही मागत नाही, आई."

"तेच तर चुकतंय तुझं," वत्सलाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागल्या. त्याहून जास्त त्या बोलल्या नाहीत. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याशी फार तर चारदा भांडल्या असतील, आणि पाचवं भांडण कुठल्या दिवशी वापरायचं हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

*

काळारामाचं दर्शन वेळेत झालं. आबा खूश होते. अकराला दोन मिनिटं कमी असताना ते सगळ्यांना घेऊन रामकुंडाकडे उतरले.

सुवर्णाच्या हातात राजवीर होता आणि राजवीरच्या डोक्यात दुतोंड्या मारुती. नदीपात्रात उभी असलेली ती शेंदरी मूर्ती दिसल्यापासून त्याचे प्रश्न थांबत नव्हते. दोन तोंडं आहेत तर जेवतो कोणत्या तोंडाने? दोन्हीकडून दात घासतो का? ईश्वरीने त्याला सांगितलं, की पूर आला की पाणी मारुतीच्या कुठवर आलं ते लोक बघतात, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, त्यावरून पूर किती मोठा ते कळतं.

"तुला कसं माहीत गं?" सुवर्णाने विचारलं.

"माझ्या दुसऱ्या आजोबांनी सांगितलं होतं."

पायऱ्यांवर नुसती झुंबड होती. कुणी डुबक्या मारत होतं, कुणी मुंडन करून घेत होतं, कुणी मोबाईल उंच धरून फोटो काढत होतं. भेळभत्तेवाले मधूनच वाट काढत होते. किशोर आणि ललित आबांबरोबर खाली पाण्यापाशी गेले. "चला, पाय ओले करा, फोटो काढू," किशोरने हाक दिली.

राजवीर निघाला. ईश्वरी निघाली नाही. ती वरच्या पायरीवर तशीच उभी राहिली, दोन्ही चपला काढून हातात घेतलेल्या.

"चल ना ताई."

"तू जा. मी इथून बघते."

"घाबरली, घाबरली."

"नाही घाबरले," ती म्हणाली. "इथे माझे पप्पा आहेत."

सुवर्णा एक पायरी खाली होती. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

राजवीरने पाण्याकडे नीट पाहिलं. "कुठे? दिसत नाहीत."

"दिसत नसतात. आजोबांनी त्यांना पाण्यात सोडलं. मडकं होतं, त्याला कापड बांधलेलं. मी पाच वर्षांची होते, तुझ्याएवढी. माझी एक चप्पल वाहून गेली तेव्हा. मी चपलेसाठीच रडले." ती थोडं थांबली. "नंतर मला कळलं, की पप्पांसाठी रडायचं होतं."

राजवीरला यातलं किती कळलं कोण जाणे. तो परत वर चढला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. "मग मी पण इथूनच बघतो," तो म्हणाला. त्यानेही आपल्या चपला काढून हातात घेतल्या.

मोहिनी चार पावलांवर सासूबाईंचा हात धरून उभी होती. तिची नजर पाण्याकडे नव्हती, खाली फरशीवर होती. सुवर्णा तिच्याजवळ गेली.

"इथंच का गं मनोजरावांचं?"

मोहिनीने होकारार्थी मान हलवली.

"आणि तू सांगितलं नाहीस? दोन दिवस आम्ही तुझ्यासमोर रामकुंड, फोटो, हे ते बडबडतोय."

"आबांनी कागदावर पंधरा मिनिटं लिहिली होती, ताई. म्हटलं, पंधरा मिनिटं काय, निघून जातील."

"भाऊजींना तरी ठाऊक होतं?"

"सांगितलं होतं एकदा. विसरले असतील. त्यांच्यासाठी नाशिक म्हणजे नाशिकच ना."

सुवर्णाचे डोळे भरून आले. सकाळी मिसळीवर वाटलेलं ते हायसं आता टोचायला लागलं. सात महिने ही बाई आपल्या शेजारच्या चुलीशी उभी राहून पोळ्या लाटते आणि आपण मोजत काय बसलो, तर कुणाच्या डोक्यावरून किती हात फिरले. तिला स्वतःची चीड आली. तिने पदराने डोळे पुसले आणि वत्सलाबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"आई, मी आज आबांशी बोलणारे," सुवर्णा म्हणाली.

"बोल," वत्सलाबाई म्हणाल्या. "तू थोरली सून हायेस. नाय ऐकलं तर मी हाय."

खालून किशोर अजून हात हलवत होता. फोटो निघाला तो तिघा बापलेकांचाच.

*

सावळीरामांना गुरुजींच्या घरी बसलं की दरवेळी मोठं बरं वाटायचं. बोळातलं जुनं घर, वरच्या मजल्यावरची खोली, लोखंडी कपाट, कपाटात लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि 'कळवणकडचे आहेर' म्हणताच बरोबर तीच वही काढली. सावळीरामांना याचं फार कौतुक होतं. एवढ्या माणसांत कोण कुठलं, हे ज्याला चुकत नाही, तो माणूस त्यांच्या लेखी सर्वांत हुशार.

गुरुजी वाचत गेले. फकिरा आहेर, पत्नी गोजराबाई. मग सावळीरामांचे वडील. मग खुद्द सावळीराम, त्यांचं तरुणपणचं अक्षर, खाली किशोर आणि ललित. राजवीर आजोबांच्या मांडीत बसून आपलं नाव येण्याची वाट पाहत होता. गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, गुरुजी," सुवर्णा म्हणाली.

सावळीरामांनी वर पाहिलं. नऊ वर्षांत या सुनेने त्यांचं काम मध्येच थांबवलं नव्हतं.

"आबा, आज मुलाचं नाव लिहायचं म्हणून मी केव्हाची हौसेने वाट बघत होते. पण ईश्वरीचं राहणार असेल, तर राजवीरचंही आज राहू द्या. परत येऊ."

"सुवर्णा, सकाळी त्याचं बोलणं झालंय."

"माझ्यासमोर नाही झालं. आणि जे झालं ते रामकुंडाच्या आधी झालं." मग तिने सांगितलं. वरच्या पायरीवर पोर का थांबली ते, मडकं, वाहून गेलेली चप्पल, सगळं. ललित खाली मान घालून ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर विसरलेलं आठवल्याची कळ स्पष्ट दिसत होती.

सावळीरामांनी खिशातला कागद काढला. रामकुंड, १५ मि. त्यांच्याच अक्षरात. कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, त्यात एकदाही त्यांनी कुणाचा माल चुकीच्या जागी लावला नव्हता. आणि इथे घरातल्या पोरीला तिच्या बापाच्या पाण्यावर फोटो काढायला नेलं, पंधरा मिनिटांसाठी. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवावी कशी हेही सुचलं नाही.

"बाय," ते ईश्वरीला म्हणाले, "मला कोणी बोललंच नाय."

"असू द्या, आबा," ईश्वरी म्हणाली. मोठ्या माणसाची समजूत घालायची तिला सवय असावी. "माझं नाव आधीच लिहिलंय एका वहीत. दुसऱ्या आजोबांनी लिहिलं होतं, त्या दिवशी. राजवीरचं लिहा तुम्ही."

मोहिनी चमकली. त्या दिवशीचं तिला काहीच आठवत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती, एवढंच आठवत होतं.

"कुठं लिहिलं, बाय?" सावळीरामांनी विचारलं.

"असंच घर होतं. पण दार निळं होतं."

"विंचूरचे दरेकर ना?" गुरुजी म्हणाले. "ते आमच्या चुलत्यांकडे. याच बोळात पुढे, तिसरं घर."

सावळीराम उठले. राजवीरला त्यांनी किशोरच्या हवाली केलं.

"आबा, जेवायला उशीर होईल," किशोर म्हणाला. "चारची गाडी."

"मनमाडला दिवसभर गाड्या जात्यात," सावळीराम म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून वत्सलाबाईंनी कानावरचा पदर मागे सारला.

निळ्या दाराच्या घरात तिशीतला एक मुलगा बसला होता, त्यानेही कपाटातून वही काढली आणि पान काढून वाचलं. कैलासवासी मनोज दरेकर यांचं अस्थिविसर्जन. वडील, भाऊ, पत्नी मोहिनी. कन्या ईश्वरी, वय पाच. मुक्काम विंचूर. खाली म्हाताऱ्याची थरथरती सही.

ईश्वरीने ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून सगळं वाचलं. वडिलांच्या नावापाशी थोडी रेंगाळली. "हे पप्पा," ती राजवीरला म्हणाली. "हे मी."

सावळीरामही वाकून वाचत होते. त्यांचं लक्ष शेवटच्या शब्दांवर अडलं. मुक्काम विंचूर. विंचूरला आता हिचं कोण होतं? आजोबा गेला, चुलता फोन उचलत नाही. उद्या ही मोठी झाली, हिची मुलं इथे आली, किंवा दरेकरांतला एखादा शहाणा माणूस पोरीचा शोध घेत आला, तर तो कुठे जाणार? चुकीच्या स्टेशनात उतरणार.

"हा पत्ता जुना झाला, गुरुजी," ते म्हणाले. "पोर आता मनमाडला असती. आमच्या घरी. तसं घालता येईल?"

"येईल की. खाली नोंद करू. पण सांगणाऱ्याचं नाव आणि नातं लिहावं लागतं." त्याने पेन उचललं. "आपण हिचे कोण?"

मोहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सावळीरामांना तिच्याकडे न बघताही ते कळत होतं. सकाळी गुंफेपाशी त्यांनी जे सांगितलं, ते त्यांना अजूनही खरं वाटत होतं. बाप खोडायचा नाही. पण बापाला न खोडताही माणूस एखाद्याचा कोणीतरी असू शकतो, आणि या प्रश्नाला 'कोणी नाही' हे उत्तर तर चक्क खोटं झालं असतं. पोर रोज सकाळी त्यांचा चष्मा शोधून देत होती.

"आजोबा," ते म्हणाले.

"आईकडचे?"

"नाय."

"वडिलांकडचे तर वर लिहिलेत."

"मग मनमाडचा आजोबा लिहा," सावळीराम म्हणाले आणि सहीसाठी हात पुढे केला.

*

परत पहिल्या घरी येईपर्यंत एक वाजला. राजवीरला भूक लागली होती आणि तो ती सगळ्या बोळाला सांगत होता. गुरुजींनी वही उघडीच ठेवली होती.

मोहिनी दाराशीच बसली. निळ्या दाराच्या घरात जे झालं तेवढंही तिला पुष्कळ होतं. याहून जास्त मागायचं नाही असं ती मनाशी घोकत होती, तेवढ्यात सुवर्णा तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिने मोहिनीचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला. हात दाबला वगैरे नाही, नुसता ठेवला.

"तर मग," गुरुजी म्हणाले, "राजवीर किशोर आहेर. एकच ना?"

"दोन," आबा म्हणाले. "थोरली आधी."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "थोरली?"

"ईश्वरी मनोज दरेकर. नाव हाय तसंच घाला, बापासकट. पुढं नात लिहा."

"आडनाव वेगळं राहील, सावळीराम. पुढे कोणी वाचलं तर बुचकळ्यात पडेल."

"पडू द्या. विचारंल कोणाला तरी. मग त्याला कोणी सांगंल."

"आणि मी?" राजवीर म्हणाला.

"तुझं तिच्या खाली," सुवर्णाच म्हणाली. "तू धाकटा आहेस."

गुरुजी लिहायला लागले. जुन्या सवयीने ते प्रत्येक अक्षर उच्चारत, सावकाश लिहीत होते. मोहिनीने मघापासून धरून ठेवलेलं सगळं तेव्हा सुटलं. ती उठून वहीपाशी आली आणि त्या ओळीवर वाकून हमसून रडायला लागली, तोंडाला पदर लावायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. ललित उठून तिच्याकडे यायला लागला, पण ईश्वरी त्याच्या आधी आली. तिने आईच्या गालावरून तळहात फिरवला आणि कुजबुजत म्हणाली, "मम्मी, जरा लांब सरक ना. शाई अजून ओलीय."